येळवशीला थिजलेलं तेल

मी एक जुना, पंधरा किलोचा तेलाचा डबा आहे. माझ्या एका कुशीला पोचा आला आहे, झाकण कधीच हरवलं आहे आणि अंगावरचं लेबल राखेनं घासून काढलेलं आहे. सध्या माझा मुक्काम तेर गावात, बंडप्पांच्या घाण्याशेजारी असतो. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला रडू आलंच पाहिजे असं काही नाही. मलाही येत नाही. पत्र्याला सहसा काही वाटत नाही. मला एकदाच वाटलं, तेवढं सांगतो.

माझा जन्म गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, सांधा झाळला, झाला डबा. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते माझ्यात भरलेल्या तेलाचं. पामची झाडं मूळची आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. माणसांनी ती इंडोनेशिया-मलेशियात नेली, जंगलं तोडली आणि नजर पोचेल तिथपर्यंत त्या एकाच झाडाच्या रांगा लावल्या. लांब काठीला विळा बांधून मजूर फळांचे घड खाली पाडतात. एकेक घड वीस-वीस किलोचा. पडलेला घड दिवसाच्या आत कारखान्यात गेला पाहिजे, नाही तर तेल बिघडतं. तिथं तो वाफेवर शिजवून दाबला की लालभडक तेल निघतं. मग जहाज. जहाजाच्या टाक्यांतून गरम नळ्या फिरवलेल्या असतात, कारण या तेलाला थंडी सोसत नाही. गार झालं की ते थिजतं. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. बंडप्पांच्या लक्षात राहिलं नाही.

बंदरावर उतरल्यावर त्या तेलाचा रंग काढून घेतला, वास काढून घेतला, चवही काढून घेतली. तेलानं तक्रार केली नाही. असं ते बिनवासाचं तेल माझ्यात ओतलं आणि माझं तोंड बंद केलं. आम्हा दोघांचं बरं जमलं. त्यालाही काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

आता बंडप्पांचं सांगतो. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा. बैल जाऊन विजेची मोटर आली, पण लाकडी घाणा तोच आणि तेल करडीचंच. चटणीवर कच्चं करडीचं तेल घ्यायचं आणि भाकरीशी खायचं, ही इकडची रीत. पूर्वी अख्खं गाव त्यांच्याकडून तेल नेई. मग दुकानात पामतेलाच्या स्वस्त पिशव्या आल्या आणि घाण्यावरची गर्दी ओसरली. तरी वर्षातून एकदा जुनी गिऱ्हाइकं हटकून येत, ती येळवशीला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी इकडची गावं ओस पडतात. सगळे आपापल्या शेतात जाऊन जेवतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारून पंगतीला बसवतात. ज्वारीचं आंबील असतं, बाजरीचे उकडलेले उंडे असतात आणि हाती लागतील तेवढ्या भाज्या-डाळींची भज्जी असते. भज्जीवर करडीच्या तेलाची धार. त्या दिवसापुरतं तरी तेल बंडप्पांचंच, असं बावीस घरांचं ठरलेलं होतं.

त्या वर्षी पावसानं कहर केला. बंडप्पांच्या कोठीत पाणी शिरलं आणि साठवणीची करडी भिजून कुबट झाली. उरलेल्या बियांतून सगळ्यांना पुरेल एवढं तेल निघेना. खरं सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षांत येळवशीला त्यांच्या दारातून कुणी रिकामी बाटली घेऊन परत गेलं नव्हतं, आणि त्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. ते धाराशिवला गेले आणि मला विकत घेऊन, पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आले. शेजारी बसलेल्यानं विचारलं तेव्हा पोत्यात पेंड आहे म्हणाले.

त्यांच्या पत्नी मथुराबाई मला बघून दारातच थांबल्या. "अवो, ह्यो डबा आपल्या घरात कशाला?"

"एवढी येळवस निघू दे," बंडप्पा म्हणाले.

दोन वाटे करडी, एक वाटा पाम. करडीचा वास इतका दांडगा, की माझं तेल त्यात बेमालूम मिसळून गेलं. बाटल्या भरल्या, लोक घेऊन गेले. बंडप्पांनी मूठभर राख घेऊन माझं लेबल घासून काढलं. चोराच्या मनात चांदणं.

बंडप्पांना स्वतःची शेती नाही. त्यामुळं गेली तीस वर्षं हे दोघं येळवशीला गफारभाईंच्या शेतात जेवत. तेरणा नदीच्या काठी त्यांची चार एकर ज्वारी. गफारभाईंची बायको बेगमबी हातानं भज्जी घोटायची आणि पहिली तेलाची धार बंडप्पांच्या ताटात सोडायची. ज्याचं तेल त्याला आधी वाढायचं, असा तिचा नियम. त्या सकाळी मथुराबाई प्यायचं पाणी माझ्यात भरून घेऊन गेल्या, म्हणून पुढचं सारं मी बघितलं.

थंडी अशी, की ज्वारीच्या पानांवर दहिवर तसंच होतं. शेजारच्या शेतातला बब्रुवानही बोलावण्यावरून येऊन बसला होता. बेगमबीनं आपली हिरव्या काचेची बाटली भज्जीवर तिरपी केली. धार पडली नाही. तिनं बाटली उजेडात धरली, तर निम्म्यापर्यंत पांढरा साका धरलेला. करडीचं तेल थिजत नाही, हे इकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

बेगमबीनं एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा बंडप्पांकडं. मग म्हणाली, "थंडी लई हाय औंदा." बाटली चुलीच्या दगडापाशी ठेवली, फिरवून फिरवून शेकली, तेल निवळल्यावर उठली आणि नेहमीसारखी पहिली धार बंडप्पांच्या ताटात सोडली.

बंडप्पांचा हात ताटातच राहिला.

"भाभी, थंडीचं न्हाय हे," ते म्हणाले. "म्या पामतेल मिसळलंय."

गफारभाई खाली बघून भाकरी मोडत राहिले. बेगमबी म्हणाली, "ठावं हाय मला. आधी जेवा."

ते जेवले नाहीत. माझ्यातलं पाणी त्यांनी बांधावर ओतलं, मला उचललं आणि बब्रुवानला घेऊनच त्याच्या शेतात गेले. तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी लोक त्यांना आधी बसा म्हणत, आंबिलाचा पेला पुढं करत. ते उभ्यानंच तेच एक वाक्य सांगत आणि तेल परत मागत. मला वाटलं, आता शिव्या पडतील. एकही पडली नाही.

"आप्पा, आमाला तर काय फरक कळला न्हाय," बब्रुवान म्हणाला होता. "घरी रोज त्येच तर खातो." तो समजूत घालत होता. त्याच्यासकट सोळा घरांनी असंच काहीतरी सांगितलं. कुणी म्हणे राहू द्या, कुणी म्हणे चांगलंच आहे की. बंडप्पा दरवेळी मान हलवत आणि पुढच्या बांधाला लागत. चालता चालता त्यांची माझ्यावरची पकड ढिली होत गेली. कुणी रागावलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. दिवस कलला तेव्हा सहा घरांचं तेल माझ्या तळाशी हिंदकळत होतं. मित्रांनो, मला एकदा काहीतरी वाटलं म्हणालो ना, ते तेव्हा.

त्या दिवसापासून घाणा बंद पडला. ते तेल मथुराबाईंनी दिव्याला लावलं, आणि मला गफारभाई रानात पाण्याला घेऊन गेले. चार दिवसांनी बेगमबी आपली बाटली धुऊन घाण्याजवळच्या कोनाड्यात ठेवून गेली. म्हणाली, "घाई न्हाय. पन दुसरीकडनं घेनार न्हाय." बंडप्पा घाण्यापाशी नुसते बसून असत.

तिनं शब्द पाळला. पुढं फाल्गुनापर्यंत ती चटणीवर पाणी घेऊन भाकरी खात होती. मी रानातच होतो, रोज बघत होतो.

गुरं आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेनं काटेरी करडीच्या ओळी लावतात. गफारभाईंनी हातांना फडकी गुंडाळून ती काढली, झोडपली, माझ्यात भरली आणि मला घाण्याशेजारी आणून ठेवलं. आठ दिवस बंडप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. नवव्या दिवशी माझ्यात हात घालून मूठभर करडी काढली, वास घेतला आणि मोटर चालू केली.

जेमतेम तीन बाटल्या तेल निघालं. बेगमबीला तिची बाटली देताना ते म्हणाले, "हिला हात लावू नका. येळवशीच्या थंडीत बघा, मग खरं माना."

बेगमबीनं तिथंच बूच काढलं. तळहातावर तेल घेतलं, चाटलं आणि बाटली पदराखाली धरून घरी गेली.

मित्रांनो, पामच्या झाडाचा यात दोष नाही. त्या तेलात कितीतरी घरांची फोडणी होते. माझं मागणं एवढंच आहे. आज जेवायला बसलात की ताटातल्या तेलाचा वास घेऊन बघा, आणि ते कुठून आलं हे घरात विचारा. फरक कळला नाही, हे मी एका दिवसात सोळा शेतांत ऐकलं. पत्र्याचा असूनही मला ते सोसलं नाही.