ठिपकीचे गार कान

मी गुरांचा एक जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे. हल्ली गोठ्याशेजारच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात पडून असतो. काचेवरचे आकडे पुसट झालेत. पण माझ्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, गोठ्यातले ते दिवस मला लख्ख आठवतात.

गाय मलूल दिसली की काका मला झटकून पारा खाली आणत, तिच्या शेपटीखाली आत सरकवत आणि मी पडू नये म्हणून माझ्या दोरीचा चिमटा तिच्या शेपटीच्या केसांना लावत. ओल्या, शेणकट जमिनीवर बसून एखादीची कास सुजली, तर ताप किती चढला ते मी सांगायचो. "हा माझा अर्धा डॉक्टर!" काका म्हणत. त्या कौतुकाने मी जरा शेफारलोच होतो.

मित्रांनो, एका सकाळी ठिपकी गाय उठेना. आदल्या दिवशीच ती व्यायली होती. चौथं वेत, आणि दूध गोठ्यात सगळ्यांत जास्त. मान कुशीकडे वळवून ती निपचित पडली होती. काकांनी मला लावलं. पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढे सरकेना. गाईला हे फारच कमी; तिचं नेहमीचं एकशे एकच्या पुढे असतं. पण पारा तापाच्या रेघेपर्यंत चढला नाही, एवढंच काकांनी पाहिलं.

"ताप नाही. थकली असेल, पडू दे."

काकू मात्र ठिपकीचे कान धरून बसल्या होत्या. "अहो, कान बर्फासारखे गार पडलेत! डॉक्टरांना बोलवा आधी."

डॉक्टर तातडीने आले. "दुग्धज्वर आहे हा. नावात ज्वर, पण अंग गार पडतं. व्यायल्यावर दूध उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं. जास्त दुधाच्या, तीन-चार वेतं झालेल्या गाईंना धोका अधिक. दुपारपर्यंत थांबला असतात, तर हातची गेली असती."

त्यांनी कॅल्शियमची कोमट बाटली शिरेतून थेंबथेंब सोडली. काकूंनी कुशीला पोत्यांचा आधार दिला. काकांच्या खिशात मी मान खाली घालून होतो. अर्ध्या तासाने ठिपकी थरथरली, तिने ढेकर दिला आणि धडपडत उभी राहिली. लगेच वासराला चाटू लागली.

"तुझ्यामुळे वाचली गं," काका काकूंना म्हणाले.

तेव्हापासून काका आधी गाईचे कान चाचपत, मग मला बाहेर काढत. माझा मान थोडा कमी झाला, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, गोठा कोरडा ठेवा. व्यायलेल्या गाईकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. माझ्यासारख्यांचा आकडा जरूर बघा. पण त्याआधी एकदा तिच्या अंगावरून हात फिरवा.