टिकलीचा ठिपका

नकाशाच्या नियमाला दयामाया नव्हती. मासा सापडला तर ठिपका भरीव. सलग तीन वर्षं नाही सापडला तर पोकळ. बोरीवलीत सोसायटीमागून वाहणाऱ्या, नॅशनल पार्कच्या डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर टिकली माशाचा भरीव ठिपका होता. दोन वर्षं ऋताला ती सापडली नव्हती. आज तिसरं वर्ष.

गोड्या पाण्यातल्या माशांचा हा नकाशा तिच्या बाबांनी सुरू केला, तो याच ठिपक्यापासून. बोटाएवढा मासा, डोक्यावर चांदीचा डाग. "बघ, टिकली लावून आलीय," ते म्हणायचे. गेल्या थंडीत बाबा गेले. ठिपका तेवढा उरला होता.

"श्रुतिका, कडेला जाऊ नकोस! शेवाळ आहे."

"नाही जात गं मम्मी."

ऋताची एक नजर पाण्यावर, एक लेकीवर. तिने जाळं दगडांखालून, गवताच्या मुळांतून फिरवलं. वर आले ते गप्पी मासे. पुन्हा टाकलं, पुन्हा गप्पीच.

"आजीचे मासे!" श्रुतिकाने टाळ्या पिटल्या.

"आजीचे?"

"मला डेंग्यू झालेला ना, तेव्हा डास संपवायला आम्ही सोडले. बादलीभर! दरवर्षी सोडतो."

ऋता तशीच ओल्या दगडावर टेकली. त्या तापात सासूबाई रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. आपल्याला कोणी बादली दिली असती तर? आपणही धावत येऊन ओतलीच असती. पण गप्पी टिकलीची पिल्लं खातात. आणि टिकली तरी काय खायची? डासांच्या अळ्याच.

घरी सुहासिनीबाई, तिच्या सासूबाई, दारातच उभ्या. "पोरीचे पाय बघ कसे बरबटलेत! मिळाला का गं बाबांचा मासा?"

"नाही, आई."

"अगंबाई." त्यांनी मलमाची ट्यूब उघडली. "पण डास कमी झालेत हं ओढ्याकडे. झालेत ना?"

ऋताच्या ओठांवर सगळं आलं होतं. सासूबाई नातीच्या पायांना डासांचं मलम चोळू लागल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"हो," ती म्हणाली. "झालेत."

मग तिने लॅपटॉप उघडला. ठिपका पोकळ केला. कारणाच्या जागी 'गप्पी' लिहिलं. कोणी सोडले, ते लिहिलं नाही.

श्रुतिका मांडीवर चढली, पोकळ ठिपक्यावर बोट ठेवलं. "मम्मी, याच्या आतलं कुठे गेलं?"

ऋताने तिचं डोकं छातीशी धरलं. मलमाचा वास येत होता.