चढावरचा खांदा

थोरल्या नातीचं, तूदाचं, लग्न झालं त्याच वर्षी बस्सूचा भाऊ गेला. डोंगरातल्या त्यांच्या गावाचं कबरस्तान वर, चढाच्या टोकाला. बस्सूने जनाजा पुढून उचलला, पण अर्ध्या चढावर त्याला अशी धाप लागली, की शेजारच्या हम्मू खाटकाने जनाज्याचा दांडा त्याच्या खांद्यावरून काढून घेतला. हम्मूने चांगुलपणानेच केलं. बस्सूला मात्र भाऊ हातातून हिसकावून नेल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून तो पळायला लागला. वय अडुसष्ट. पहाटेची नमाज झाली की पायघोळ झगा कमरेला खोचायचा, नातजावयाने दिलेले बूट चढवायचे आणि अक्रोडाच्या झाडापासून कबरस्तानाच्या फाटकापर्यंत पळायचं. पहिल्या दिवशी दहा पावलांत तो मटकन बसला. बायको इत्तोने बजावलं, पडलात तर उचलायला मी येणार नाही. हम्मू दुकानातून रोज विचारी, काका, लांडगा मागे लागलाय की सासू?

अक्रोडाखाली इद्दर बसलेला असे. दोघांनी लहानपणी एकत्र मेंढ्या राखलेल्या. पुढे खाणीतल्या धुळीने इद्दरची छाती खाल्ली. बस्सू का पळतो, ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"माझ्या वेळी मधेच सोडू नकोस," एकदा तो म्हणाला. "तो हम्मू मला बोकडासारखा नेईल."

"तू घाई करू नकोस. माझी तयारी व्हायचीय अजून."

"कर की सावकाश. मी तोवर तेलात बुडवून रोट्या चापतो. तुला सोपं का करू?"

तीन हिवाळे गेले. बस्सू न थांबता फाटक गाठू लागला, मग दोनदा, मग बर्फ पडलेलं असतानाही. गुडघे कुरकुरत. पण परतताना कडकडून भूक लागे, आणि तरुणपणानंतर अशी भूक त्याला लागली नव्हती.

इद्दर गेला, तेव्हा पुढचा उजवा दांडा बस्सूने घेतला. पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून माणसं पाळीपाळीने खांदा बदलत होती. बस्सूपाशी दोनदा हात आले. दोन्ही वेळा त्याने मानेनेच नकार दिला. अर्धा चढ आला. बरोबर त्याच जागी धाप ऐकू आली, पण डावीकडून.

"काका, जरा दमानं," हम्मू पुटपुटला.

"मयताला ताटकळवू नये. दमला असशील तर दे दुसऱ्याला. त्यात लाज नाही."

फाटक वीस पावलांवर राहिलं. तेवढा दम बस्सूत होता. मागे इद्दरचा मुलगा चालत होता, सकाळीच शहरातून पोहोचलेला, खाली मान घालून. बस्सूने त्याला खूण केली आणि दांडा आपल्या हाताने त्याच्या खांद्यावर ठेवला.

शनिवारी पहाटे तो बूट घालू लागला, तेव्हा इत्तोने विचारलं, आता कुणासाठी?

"हम्मूचा काही भरवसा नाही," बस्सू म्हणाला, आणि निघाला.

घरात पुढे आठवण अशीच निघे: इद्दर गुरुवारी वारला, तूदाला दुसरा मुलगा झाला त्याच्या नवव्या दिवशी.