झोरावियातलं स्टेडियम

नीरजा ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होती, आणि शनिवारची अख्खी दुपार ती लेकीच्या पुठ्ठ्याच्या स्टेडियमपुढे कपाळाला हात लावून बसली होती. अकरा वर्षांच्या मयूराला शाळेसाठी एक काल्पनिक देश बनवायचा होता. तिच्या झोरावियाची लोकसंख्या होती साठ हजार आणि स्टेडियममध्ये खुर्च्या नव्वद हजार.

"अगं, एवढी माणसं आणायची कुठून?"

"टूरिस्ट्स, आई."

"आणि सॉकर आणि रग्बी एकाच मैदानावर, एकाच वेळी?"

"सो नोबडी हॅज टु वेट."

नीरजाने हात टेकले. पण बाहेर पडायला एकही दार नाही हे दिसल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "आग लागली तर?" म्हणत तिने कटर उचलला आणि भिंतीत भराभर बारा दारं कापली. मग जिने चिकटवले, छपराला खांब दिले. तासाभराने मान वर केली, तर मयूरा सोफ्यावर पुस्तक वाचत पडली होती.

"मयूरा, ये ना, रंग द्यायचाय."

"इट्स युअर्स नाऊ. मी दुसरा देश बनवते."

नीरजा आधी चिडली, मग ओशाळली. "सॉरी गं. काय काय काढू, सांग."

मयूराने येऊन सगळं निरखून पाहिलं. तिने खांब उपटायला लावले, जिनेही. दारं तेवढी राहू दिली.

"अगं, छप्पर पडेल!" नीरजा कळवळून म्हणाली.

"झोरावियात नाही पडत," मयूराने सांगितलं आणि तिच्या हातात ब्रश दिला.