दोन साडू आणि एक स्क्रू

भौतिकशास्त्र विभागात प्रकाशाच्या रेषा मोजणारा स्पेक्ट्रोमीटर एकच होता आणि त्यावर हक्क सांगणारे प्रोफेसर दोन. त्यातून ते सख्खे साडू. मग काय विचारता! मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे थोरले म्हणत, धाकटीच्या नवऱ्याला धाकटे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांनी यंत्रासाठी अर्ज करताना मात्र गळ्यात गळे घातले होते, कारण वाटून वापरायचं कबूल केल्याशिवाय यंत्र मिळणार नव्हतं. आठवड्याचे पहिले तीन दिवस थोरल्यांचे, पुढचे तीन धाकट्यांचे, असं ठरलं.

वाटून म्हणे! थोरल्यांनी उभ्या जन्मात कधी कुणाला खडूचा तुकडा दिला नव्हता.

थोरल्यांकडे एक मुलगी पीएचडी करत होती. सुरुवातीलाच त्यांनी इकडेतिकडे बघत तिला यंत्राच्या मागचा एक बारीक स्क्रू दाखवला. "आपलं काम संपलं की हा जरासा उजवीकडे फिरवून ठेवायचा. पुन्हा आपली पाळी आली की तेवढाच मागे आणायचा. मधल्या दिवसांत धाकट्याची मोजमापं चुकू देत. बसेल बोंबलत."

तिला किळस आली. पण डिग्री गाइडच्या हातात, आणि अडला हरी… पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ती निमूटपणे स्क्रू फिरवत राहिली.

आणि काय सांगावं, शोध लागला! थोरल्यांच्या खास पद्धतीने तापवलेल्या स्फटिकातून निघणारी प्रकाशाची रेष पुस्तकात दिलेल्या जागेच्या किंचित डावीकडे येऊ लागली. थोरल्यांनी त्या रेषेला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. तोच स्फटिक धाकट्यांनी खास पद्धतीने थंड केला, तर रेष उजवीकडे! त्यांनीही लगेच आपलं नाव चिकटवलं. मग पेपरांवर पेपर आले, परिषदांमध्ये खडाजंगी झाली. तिचा अख्खा प्रबंध त्या डावीकडच्या रेषेवर उभा होता.

तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी पत्राने साधी विचारणा केली: पाऱ्याच्या दिव्याने यंत्र तपासून घेतलंत ना? त्या दिव्याच्या रेषा कुठे येतात हे जगाला पाठ असतं. त्या जागेवर आल्या की यंत्र बरोबर.

"तपासायचं काय त्यात?" थोरले तिच्यावर फिस्कारले. "स्क्रू आपल्या हातात आहे ना?"

तिने पहिल्या वर्षाच्या पोरांचा दिवा मागून आणला आणि लावला. पाऱ्याच्या रेषाही डावीकडे! अगदी तेवढ्याच. म्हणजे स्फटिकाला काही झालंच नव्हतं. चुकत होतं ते यंत्र.

ती तडक धाकट्यांच्या विद्यार्थ्याकडे गेली. त्याला सगळे चष्मिष म्हणत. तिचं बोलणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला. "अगं, आमचे सरही मला तेच करायला लावतात. फक्त डावीकडे."

घ्या! दोघंही स्वतःचं फिरवलेलं तेवढं इमानदारीने मागे आणत होते, आणि दुसऱ्याने फिरवलेलं तसंच राहत होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! ती आणि चष्मिष आधी पोट धरून हसले. मग तिला रडू फुटलं.

डोळे पुसून तिने दोघा साडूंना एका खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मग थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं, धाकट्यांनी मान हलवली. त्या अर्जानंतर इतक्या वर्षांत एकमत झालं ते आत्ता.

"हे बघ बेटा," थोरले मधाळ आवाजात म्हणाले, "स्क्रूला तुझ्याकडून चुकून हात लागला, असं तू लिहून दे. आम्ही तुला सांभाळून घेऊ."

बेटा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"देते की," ती म्हणाली. "पण सर, स्क्रू हलत होता असं लिहिलं की त्या काळातलं एकही मोजमाप धरता येणार नाही. तुमचा शोध गेला आणि यांचाही गेला. सगळे पेपर मागे घ्या, मी आत्ता सही करते."

हे त्या दोन महापंडितांच्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटे खिडकीबाहेर बघू लागले.

"मग तुला हवंय तरी काय?" थोरल्यांनी विचारलं.

"यंत्र. माझं काम संपेपर्यंत एकटीला. आणि तुम्ही दोघांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

पाऱ्याच्या दिव्याने स्क्रू जागेवर आणून तिने सगळं पहिल्यापासून मोजलं. स्फटिक तापवला, थंड केला, पुन्हा तापवला. रेष ढिम्म हलली नाही. असं केल्याने काहीही होत नाही, असा प्रबंध तिने लिहिला. तिच्या मोजमापांपुढे इलाजच उरला नाही, तेव्हा दोघा साडूंनी जुने पेपर मुकाट्याने मागे घेतले आणि तिला डिग्री मिळाली.

आईचा फोन आला. "झालीस गं बाई डॉक्टर! काय शोधून काढलंस, सांग तरी."

"पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे, आई."

"अगं, मग एवढी वर्षं कशाला लागली?"

दोन गाढवांच्या भांडणात आपली ऐन उमेदीची वर्षं गेली, हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?