कोरडा अडसर

अगं, आधी ऐक. मध्ये बोलू नकोस, माझं डोकं आधीच फिरलंय.

आमचं टेकडीवरचं सुट्टीचं घर माहितीये ना, दोन खोल्यांचं? परवाच्या वादळात त्याची मोठी खिडकी सताड उघडली. गाद्यांचा लगदा! आणि शेजाऱ्यांकडून कळल्याबरोबर मोठे काका फोनवर बाबांना म्हणतात, "खिडकीची दारं केली होतीस की खेळणी?" दारं बाबांनी केलीत ना! तीस वर्षं सुतारकाम करणारा माणूस. त्या फोननंतर रंध्याला हातसुद्धा लावला नाही त्यांनी.

आणि काका थांबतायत होय? "रविवारी दुसरा माणूस आणतो, लोखंडी दारं बसवतो. तुझी फेकून देऊ."

मग काल सकाळी मी आणि बाबा गेलो बघायला. बिजागऱ्या? जशाच्या तशा. अडसराच्या खाचा? साधा ओरखडा नाही! आणि अडसर कुठे सापडला सांगू? खोलीच्या दारामागे, कोपऱ्यात, उभा! कोरडा ठणठणीत. वर कोळ्याचं जाळं! म्हणजे तो लावलाच नव्हता गं कुणी!

आता आमच्याकडे नियम आहे. जो शेवटी निघेल त्याने अडसर लावायचा, फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. शेवटी कोण निघालं? काका. फोटो टाकला? टाकला. मी तिथेच उभी राहून तो उघडला. अडसर मस्त लावलेला. पण मागची भिंत पिवळी! ती भिंत गेल्या सुट्टीत मी स्वतः पांढरी केलीय, माझी मान आठवडाभर धरली होती! जुना फोटो चिकटवला होता महाराजांनी.

बाबांना दाखवला. त्यांनी बघितला, परत बघितला, आणि म्हणाले, "राहू दे."

"काय राहू दे?"

"मोठा आहे तो. घाईत असेल. चारचौघांत तोंड कुठे दाखवेल?"

"आणि तुमचं तोंड?"

ते भिजलेलं पायपुसणं पिळत बसले. तेवढ्यात काकांचा फोन. "काय रे, मोडली ना तुझी खेळणी?"

आणि माझे बाबा म्हणतात, "चुकलं असेल माझंच, दादा."

माझंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर गेले, अडसराचा फोटो, जाळ्यासकट, आणि शेजारी काकांचा पिवळ्या भिंतीचा, दोन्ही ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "भिंत कुठली आहे, काका?"

पाच मिनिटांत काका ग्रुपमधून बाहेर. दुसऱ्या माणसाचं नाव नाही आता, दारं आहेत तिथेच आहेत.

पण बाबा कालपासून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीयेत. सकाळी चहाचा कप ठेवला समोर, तर उठून गेले. चुकले काका, आणि अबोला माझ्याशी!

आता सांग. तू असतीस तर काय केलं असतंस?