कानात मावेल एवढा नवरा

आमचे हे केस कापतात, पण गिऱ्हाइकं येतात ती त्यांचं बोलणं ऐकायला. खुर्चीत बसलेल्या माणसाला मान हलवता येत नाही, हे ह्यांच्या पथ्यावरच पडतं. मी चष्म्याची भिंगं घासते. दिवसभर संगत यंत्राची, आणि यंत्राचा मोठा गुण असा, की ते आपली हकिगत सांगत बसत नाही.

डॉक्टरांनी दोघांनाही पळायला सांगितलं, तेव्हा वाटलं, चला, पळताना तरी ह्यांच्या तोंडाला विश्रांती. कसलं काय! हे पळतानाही बोलायचे. त्यात एक खोड. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचे आणि म्हणायचे, "उरलेलं पूल ओलांडल्यावर." पुलाचा चढ म्हणजे माझा सात जन्मांचा वैरी. तिथे दम लागायचा, पाय म्हणायचे आता पुरे. पण त्या गिऱ्हाइकाने आरशात बघून नेमकं काय केलं, हे कळल्याशिवाय थांबायचं कसं? "कान किटले हो माझे," असं म्हणत मी चढून जायची.

मग दहा किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही दोघांची नावं घातली आणि लगेच ह्यांचा गुडघा गेला. दुकानाची पायरी उतरताना, बोलण्याच्या नादात. पळणं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

मी एकटी पळू लागले. काय शांतता होती म्हणून सांगू! आणि रोज मी पुलाच्या चढावर थांबत होते. परत यायची, तर हे गुडघ्याला पट्टा बांधून दारात उभे.

"पूल?"

"आहे तिथेच आहे."

शेवटी मी म्हटलं, माझंही नाव काढून टाका. ह्यांचा चेहरा पडला. बोलून गेले खरी, पण मलाही गोड वाटलं नाही. ती शर्यत मला पळायची होती, अगदी मनापासून पळायची होती.

"गाणी ऐकत पळ," हे म्हणाले. "सगळे तसेच पळतात. चल, इअरफोन घेऊ."

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली मुलगी आमच्या भाचीच्या वयाची. "काकू, कशासाठी हवेत?"

"पळायला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला.

"कान माझ्यावर सोडा," हे मध्येच म्हणाले. "जन्म गेलाय माझा कानांच्या अवतीभवती." भर दुकानात माझा कान दोन बोटांत धरून त्यांनी इकडून तिकडून पाहिला आणि बोंडासारखी एक चकचकीत जोडी निवडली. "घट्ट बसणार. लिहून देतो."

मी वॉशिंग मशिनच्या रांगेतून उड्या मारत निघाले. दुसऱ्याच उडीला डावं बोंड उडालं ते थेट फ्रिजखाली. मुलगी पालथी पडून शोधत होती आणि हे वरून मोबाइलचा उजेड धरून तिला एका गिऱ्हाइकाची कवळी कशी हरवली ते सांगत होते. "तुम्ही तिकडे बसा बघू," मी म्हटलं. हे मुकाट स्टुलावर जाऊन बसले. मुकाट म्हणजे शेजारी कुणी येईपर्यंत.

मुलीने ठेवणीतली जोडी काढली. "हे घाला काकू. बाहेरचा आवाजच येणार नाही."

मी घातले, तिने बटण दाबलं आणि सगळं दुकान गप्प झालं. भिंतीवरचे टीव्ही गप्प, रस्त्यावरच्या गाड्या गप्प. समोर स्टुलावर, गुडघा लांब करून, आमचे हे एका अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होते. हात हवेत, भुवया कपाळावर. तो माणूस पोट धरून हसत होता. मला मात्र अक्षरही ऐकू येत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी हीच शांतता मागत आले होते, आणि मिळाली तेव्हा ती नकोशी झाली. चढावर मी का थांबते ते मला त्या क्षणी कळलं. मला ह्यांची आठवण येत होती. रोज घरात समोर असलेल्या माणसाची!

मी ते काढून मुलीच्या हातात दिले. "बाळा, फोनवरचं बोलणं नीट ऐकू येईल असे दे. वारा असला तरी."

"पळताना फोन? कुणाशी बोलणार काकू?"

"मी कशाला बोलतेय? मला ऐकायचंय."

तिने स्टुलाकडे पाहिलं आणि खुदकन हसली. मग तिने कानामागे आकडी अडकवायचे, कान उघडा ठेवणारे दिले. गाड्यांचे भोंगेही ऐकू यावेत म्हणून. मी पुन्हा उड्या मारल्या. हलले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी हे शेवटच्या रेषेपाशी घडीची खुर्ची टाकून बसले आणि मी पहिलं पाऊल टाकताच कानात सुरू झाले. "ऐकू येतंय ना? दोन दिवस पोटात दाबून ठेवलीय ही गोष्ट. परवा एक माणूस आला, तोंडावर रुमाल. मी म्हटलं, दात दुखतोय? त्याने रुमाल काढला. अर्धीच मिशी!"

"उरलेली... कुठे गेली?" मी धापा टाकत.

"पाणी देतात ना, तिथे पोच, मग सांगतो."

पाण्यापाशी कळलं, की त्याला उरलेली मिशी काढायची नव्हती. नीट कातरून हवी होती. संध्याकाळपर्यंत अर्धीच राहायला हवी, असा हट्ट.

"पण का?"

"पूल."

"आधी सांगा!"

"पूल म्हटलं ना!"

चढ आला. पाय म्हणाले पुरे. मी दातओठ खात, ह्यांच्या नावाने बोटं मोडत वर चढले, आणि माथ्यावर पोचून इतक्या जोरात ओरडले की शेजारून पळणारा दचकला. "आले वर! बोला आता!"

"शेवट शेवटच्या रेषेवर."

"थांबा, आलेच. बघते तुमच्याकडे!"

उतारावर माझे पाय मला विचारतही नव्हते. रेषेपलीकडे हे खुर्ची सोडून एका पायावर उभे होते. मी जाऊन त्यांचा दंडच धरला. "सांगा. अर्धी मिशी कशाला?"

ह्यांचे ओठ हलले, आवाज काही येईना. मला वाटलं इअरफोन बिघडले, म्हणून काढून पाहिले. ते ठणठणीत होते. ह्यांच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता आणि डोळे तुडुंब भरले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस गप्प झाला होता, आणि तो माझ्यामुळे. मी रडत होते की हसत होते, कुणास ठाऊक.

मग त्यांनी घसा खाकरला. "मला तरी कुठे माहीत? तो सांगणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि गेला ना निघून."

"म्हणजे? एवढं पळवलंत, आणि गोष्टीला शेवटच नाही?"

"अगं, मिशी वाढली की येईलच तो," हे डोळे पुसत म्हणाले. "तोवर पळत राहा."